मानसिक आजाराचं निदान नेमकं ठरतं कसं? दोन वर्षांत तीन डॉक्टर, तीन नावं

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातून लिहितेय. आजवर इथे नुसती वाचत होते. आज पहिला धागा काढतेय, कारण विचारावं असं घरात कुणी उरलं नाही.

माझा धाकटा भाऊ, वय २६. उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डिंगला होता. दोन वर्षांमागे शिमग्याच्या सुमाराला गप्प गप्प झाला. कामावर जाईना, ताटावरून अर्ध्यात उठायचा, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. बेळगावात दाखवलं. डॉक्टर म्हणाले नैराश्य आहे. गोळ्या सुरू झाल्या आणि तीनेक आठवड्यांत तो उठून बसला. आम्ही देवाला नारळ फोडला. पुढच्याच आठवड्यात त्याची झोप उडाली. रात्री दोनला उठून चालत खानापूर गाठायचा. मालक मला भागीदार करून घेणार म्हणून गावभर सांगत सुटला. दुसऱ्या डॉक्टरांनी बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अति उसळी, असं सांगितलं, पहिल्या गोळ्या बंद केल्या, दुसऱ्या दिल्या. त्यानंतर वर्षभर बरा होता. यंदाच्या पावसाळ्यात परत झोप गेली, आणि कुणीतरी कानात बोलतंय म्हणायला लागला. तिसऱ्या डॉक्टरांनी फाइलवर स्किझोअफेक्टिव्ह, म्हणजे भास आणि मनाची चढउतार दोन्ही असलेला आजार, असं लिहिलंय.

आई म्हणते, तिघांतला एक तरी खोटं बोलतोय. बाबा म्हणतात, आता डॉक्टर पुरे. मला भांडायचं नाही कुणाशी. मला एवढंच कळून घ्यायचंय की हे नाव ठरवतात कसं? रक्त तपासलं ते थायरॉइडचं, ते नॉर्मल. डोक्याचा फोटो नॉर्मल. मग ठरवतात कशावरून? आणि चौथ्याकडे जायचं का? तुमच्या घरात असं काही झालं असेल तर कृपया लिहा. नावं-गावं नकोत, अनुभव हवेत.

टिळकवाडीकर
ताई, धीर सोडू नका. एक विचारतो. तिघांनी प्रत्येकी किती वेळ दिला? आणि तिसऱ्यांकडे जाताना आधीच्या दोघांची फाइल नेली होती का?

मलप्रभाकाठ
पहिल्यांनी दहा मिनिटं असतील. बाहेर पन्नास माणसं बसली होती, त्यांना तरी काय बोलावं. दुसऱ्यांनी अर्धा तास दिला. तिसऱ्यांनी जास्त वेळ दिला, पण पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी बाबांनी रागाच्या भरात चुलीत घातली होती. गोळ्यांचं नावही आम्हाला सांगता आलं नाही. पांढरी आणि गुलाबी, एवढंच आठवत होतं.

गुळाचा खडा
मला राहवत नाही म्हणून लिहितो. माझ्या काकांना आठ वर्षं गोळ्या चालल्या आणि तेवढ्यात आजाराचं नाव दोनदा बदललं. साखर असेल तर रक्तात दिसते, हाड मोडलं तर एक्स-रेत दिसतं. यात काय दिसतं? डॉक्टर बोलतात आणि अंदाज बांधतात. त्या अंदाजावर माणसाचं लग्न मोडतं, नोकरी जाते. हा राग उगाच नाही माझा.

रात्रपाळी
मानसोपचाराच्या वॉर्डात मी अकरा वर्षं नर्स आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या भावाचं निदान मी करणार नाही, आणि इथे कुणीच करू नये. पण निदान होताना रोज बघते, ते सांगते.

पहिलं काम शरीराची बाजू तपासायचं. थायरॉइड कमी-जास्त झाला, बी-१२ उतरलं, सोडियम घसरलं, फिट्स येत असल्या, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, तर माणूस अगदी मानसिक रुग्णासारखा वागू शकतो. दारू-गांजाचंही तसंच. म्हणून ताई, तुमच्या भावाचं रक्त आणि डोक्याचा फोटो नॉर्मल आला हे वाया गेलेलं नाही. काय नाही ते त्यातून कळलं. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) किंवा बायपोलर दाखवणारा स्कॅन अजून जगात कुठेच नाही. एमआरआय करतात तो दुसरं काही लपलेलं नाही ना हे पाहायला.

मग हिस्ट्री. सगळा जीव यातच असतो. आज काय होतंय एवढं सांगून भागत नाही. पहिल्यांदा कधी बिघडलं, किती दिवस टिकलं, मधल्या काळात माणूस पूर्ण बरा होता का, घराण्यात कुणाला होतं, शाळेत कसा होता, झोप किती. त्यासोबत समोर बसलेल्या माणसाची तपासणी चालूच असते. बोलण्याचा वेग कसा आहे, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारतो का, डोळ्याला डोळा देतो का, भास होतात का, आपण आजारी आहोत हे त्याला पटतं का. तुम्हाला वाटतं डॉक्टर गप्पा मारतायत. ते मोजत असतात.

आणि वेळ. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांचं डीएसएम-५ हे २०१३ चं. दोन्हींत नुसती लक्षणं पाहत नाहीत, ती किती दिवस टिकली तेही पाहतात. नैराश्य म्हणायला किमान दोन आठवडे लागतात. मेनिया, म्हणजे झोप उडवणारी ती उसळी, म्हणायला साधारण आठवडाभर, किंवा अ‍ॅडमिट करावं लागण्याइतकी तीव्रता. स्किझोफ्रेनियाला आयसीडी महिनाभर म्हणतं, डीएसएम सहा महिने. म्हणजे तिसऱ्या महिन्यात आलेल्या एकाच रुग्णाच्या कागदावर दोन चांगले डॉक्टर दोन वेगळी नावं लिहू शकतात, आणि दोघंही प्रामाणिक असतात.

बायपोलरची तर फार जणांत सुरुवातच उदासीनं होते. पहिल्या डॉक्टरांना समोर उदास मुलगा दिसला, त्यांनी नैराश्य लिहिलं. ज्याच्यात बायपोलर लपलेला आहे त्याला नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर तो कधीकधी वर उसळतो. ती उसळी हीच दुसऱ्या डॉक्टरांसाठी खूण होती. त्यामुळे आईंना सांगा, कुणी खोटं बोललंय असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. तिघांनी तुमच्या भावाला तीन वेगवेगळ्या महिन्यांत पाहिलंय.

एक प्रश्न मात्र विचारते. उदासी येण्याआधी, म्हणजे शिमग्याच्या आधीच्या वर्षात, असे काही दिवस होते का जेव्हा त्याला झोप लागत नव्हती आणि तरी तो थकत नव्हता? घरचे हे आजार म्हणून सांगत नाहीत. उत्साह म्हणून विसरून जातात.

निपाणीकर
शरीराच्या बाजूबद्दल माझाही अनुभव. माझी आजी, वय ८१. एका संध्याकाळी अचानक बडबडायला लागली. खाटेखाली कोंबड्या फिरताहेत म्हणून काठीनं हाकलायची. सकाळी शहाणी, रात्री परत कोंबड्या. शेजारपाजारचे म्हणाले आता म्हातारपणी डोकं फिरलं. भाऊबंदात वाटणीची कुजबुजसुद्धा सुरू झाली. डॉक्टरांनी आधी विचारलं, बीपीच्या गोळ्या कुठल्या? लघवी होणारी गोळी नवीन लागली होती. सोडियम खूप खाली गेलं होतं. ते सावकाश वर आणलं, पाचव्या दिवशी आजी अंगणात तांदूळ निवडत बसली. ‘कसल्या कोंबड्या रे?’ म्हणून मलाच विचारती.

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेलं लक्षात राहिलं. म्हाताऱ्या माणसाचं डोकं एक-दोन दिवसांत फिरलं आणि दिवसातून कमी-जास्त होत असलं, तर आधी रक्त आणि लघवी बघा. वेड म्हणून शिक्का मारू नका.

गुळाचा खडा
@रात्रपाळी, तुम्ही शांतपणे लिहिलंत, आभार. पण मूळ प्रश्न तसाच आहे. यंत्रावर दिसत नाही तर खात्री कसली?

रात्रपाळी
अर्धशिशी यंत्रावर दिसत नाही हो. तीही डॉक्टर ऐकूनच ओळखतात. किती वेळ दुखतं, एका बाजूला का, उजेड सहन होतो का, मळमळतं का. म्हणून ती खोटी नसते. खात्री एका भेटीत येत नाही, हे मात्र खरं. तुमच्या काकांच्या आजाराचं नाव दोनदा बदललं याचा राग मला कळतो. पण आठ वर्षांत कुणी परत तपासलंच नसतं तर जास्त वाईट झालं असतं. आणि लग्न मोडतं, नोकरी जाते, तो दोष आपल्या सगळ्यांचा आहे. आजाराच्या नावाचा नाही.

फौंड्रीवाला
ताई, भाऊ दारू घेतो का? राग मानू नका. आमच्यात पाळी सुटली की घेणारे पुष्कळ. माझ्या मेव्हण्याला भास व्हायचे, बायकोवर संशय घ्यायचा. डॉक्टरांनी लगेच नाव दिलं नाही. म्हणाले, दारू बंद होऊन महिना जाऊ दे, मग राहील ते खरं. महिन्यानं भास गेले, उदासी राहिली. उपचार उदासीचे झाले. अजून सांगतो, रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. मेव्हण्याला तिसऱ्या दिवशी फिट आली होती. ते काम दवाखान्यातच करा.

मलप्रभाकाठ
नाही हो दादा, तो सुपारीसुद्धा खात नाही. पण हा प्रश्न तिघांपैकी दोघांनी विचारला होता आणि बाबा चिडले होते. का विचारतात ते आज समजलं.

शहापूरची सून
मी जरा मोठं लिहिते, पण हे कुणीतरी लिहायलाच हवं.

माझे मामंजी, वय ७४. वडगावात मागावर चाळीस वर्षं घालवली. दोन वर्षांपूर्वी माग विकला आणि तेव्हापासून ते विसरायला लागले. नातवाचं नाव आठवेना, अंघोळ केली की नाही ते आठवेना. एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले होते, पण त्यांना मराठी येत नव्हतं. मामंजींना कन्नड येतं ते बाजारापुरतं. डॉक्टरांनी एक म्हण घातली, ‘कै केसरादरे बायि मोसरु’. हाताला चिखल लागला तर तोंडाला दही. म्हणजे राबेल तो खाईल. मामंजींना शब्द कळले. म्हणाले, ‘हात धुवायचा आन् मग दही खायचं.’ कागदावर लागलं, अमूर्त विचार करता येत नाही.

मग विचारलं, आपण कुठल्या राज्यात आहोत? मामंजी ताठ बसले आणि म्हणाले, ‘महाराष्ट्रात!’ आमचे मामंजी, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्या समितीच्या एकाही मोर्च्याला चुकलेले नाहीत, ते दुसरं काय सांगतील? कागदावर लागलं, स्थळाचं भान नाही. शेवटी निदान आलं स्मृतिभ्रंश.

घरी आल्यावर माझ्या मुलीनं त्यांना सहज विचारलं, आजोबा, नाचता येईना अंगण वाकडं म्हणजे काय? एका क्षणात उत्तर दिलं, ‘सूत नीट भरायला येत नाही आन् मागाला शिव्या घालतोय, असले लई बघितलेत मी.’ मी तिथेच बसकण मारली. हा माणूस विसरला नव्हता. हा माणूस खचला होता.

दुसरीकडे दाखवलं, मराठी जाणणाऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी तास दीड तास काढला. म्हणाले, म्हातारपणातलं नैराश्य हुबेहूब विसराळूपणासारखं दिसतं. विसरायचा आजार खरोखर असलेला माणूस बऱ्याचदा चूक झाकून नेतो, काहीतरी ठोकून देतो. हे मात्र प्रत्येक प्रश्नाला ‘मला नाही येत, सोडा’ म्हणत होते. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून सहा महिन्यांनी त्याच चाचण्या परत करू म्हणाले. नैराश्याच्या उपचारांवर मामंजी चार महिन्यांत माणसात आले. सहा महिन्यांनी स्मरणाच्या चाचणीत गुण वाढले होते. राज्याच्या प्रश्नाला अजून तेच उत्तर देतात. नव्या डॉक्टरांनी त्यापुढे बरोबरची खूण केली.

टिळकवाडीकर
वहिनी, राज्याचं वाचून हसू आवरेना, आणि मागाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या आजोबांनीही तेच उत्तर दिलं असतं.

घटप्रभा
पण हे बघा, इथे राहायचं तर कन्नड शिकायला नको का? डॉक्टरांनी किती भाषा शिकायच्या?

चिकोडीचा मास्तर
शिकावं की. मी स्वतः तीस वर्षं दोन्ही भाषांत शिकवलं. माझी मुलं अस्खलित बोलतात. पण माणूस व्यवहार दुसऱ्या भाषेत करू शकतो, दुःख मात्र आईच्याच भाषेत सांगतो. जीव घाबरा होतोय, मन उडालंय, आतनं पोखरल्यागत वाटतंय, हे कुठल्या दुसऱ्या भाषेत सांगणार? यात कन्नड-मराठी वाद नाहीच. पुण्यात गेलेल्या कन्नड आजीची हीच गत होते.

आणि एक सांगतो. दुभाषी म्हणून घरच्या माणसाला बसवू नका. मी एका शेजाऱ्याबरोबर गेलो होतो. बाप म्हणाला, ‘भिंतीतनं दोघं बोलतात, माझ्यावर पाळत ठेवूलालेत.’ मुलानं डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगितलं, झोप लागत नाही त्यांना. मुलगा वाईट नव्हता, त्याला लाज वाटली. पण निदान तिथेच हुकलं असतं. मी मध्ये तोंड घातलं म्हणून वाचलं. दवाखान्यातली नर्स, वॉर्डबॉय, मराठी येणारं कुणीही परकं माणूस बरं. ते आहे तसं सांगतं.

व्यवस्थापक
भाषेचा मुद्दा निदानापुरता ठेवा, ही विनंती. धागा चांगला चाललाय.

अलमट्टी ते पुणे
माझं उलटं झालं. मोबाईलवर दहा प्रश्नांची चाचणी दिली आणि मला एडीएचडी (चित्त एका जागी न टिकण्याचा आजार) आहे असं ठरवून बसलो. पुण्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, शाळेतली प्रगतीपुस्तकं आहेत का? मला वाटलं चेष्टा करतायत. पण हा आजार मोठेपणी एकाएकी उगवत नाही. डीएसएमप्रमाणे काही लक्षणं तरी बारा वर्षांच्या आत दिसायला हवीत. आईनं गावाकडून ट्रंकेतली पुस्तकं पाठवली. तिसरी, चौथी, पाचवी, तिन्हींत बाईंचा शेरा एकच, ‘हुशार आहे पण वर्गात चित्त नाही’. तीस वर्षांपूर्वीच्या शाळेतल्या बाईंनी माझ्या निदानाला मदत केली.

मुक्ताई
भाषांवरून आठवलं. माझा मुलगा तीन वर्षांचा होऊनही बोलत नव्हता. घरात मराठी, शेजारी कन्नड, बालवाडीत इंग्रजी. सगळे म्हणायचे, भाषांचा गोंधळ झालाय, दोन बंद करा. दोन वर्षं त्यातच गेली. खरं पाहता तो हाक मारली तर वळत नव्हता, बोट दाखवून काही मागत नव्हता, खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक तासभर फिरवत बसायचा. यातलं काहीच भाषेमुळे होत नाही. घरात दोन-तीन भाषा असल्यानं ऑटिझम होत नाही, हे मला फार उशिरा कुणी सांगितलं. आधी कानाची तपासणी झाली, मग तज्ज्ञांनी त्याला खेळताना तासभर पाहिलं, मला लहानपणीचं सगळं विचारलं. आज तो आठ वर्षांचा आहे. माझ्याशी मराठी बोलतो, शाळेत कन्नड.

रायबागचा पाव्हणा
एक विचारू? आमच्याकडे चिंचलीच्या मायाक्काची मोठी यात्रा असते. माझ्या आत्याच्या अंगात येतं. यात्रेत भंडारा उधळला की घुमती, तासाभरानं पाणी पिऊन भाकरी भाजायला बसती. आता शिकलेला पुतण्या म्हणतो, आत्याला मानसिक आजार आहे. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही.

रात्रपाळी
दादा, पुतण्याला सांगा की आयसीडी-११ मध्येसुद्धा याचा विचार केलाय. अंगात येण्याचं एक निदान त्यात आहे, पण अट स्पष्ट आहे. समाजाच्या रीतीत, सणात, देवाच्या ठिकाणी जे येतं आणि सगळ्यांना मान्य असतं, तो आजार नाही. आजार तेव्हा, जेव्हा ते नको असताना, कुठेही, आपोआप, पुन्हा पुन्हा येतं आणि माणसाचं जगणं बिघडवतं. आत्या तासाभरानं भाकरी भाजतात ना? मग त्यांना त्यांच्या देवीसोबत राहू द्या.

मात्र याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. एकोणीस वर्षांची पोर. आठवड्याभरात वागणं पार बदललं, ओरडायची, मध्येच ताठ व्हायची. घरच्यांनी तीन ठिकाणी उतारा केला. मग तोंड वेडंवाकडं हलायला लागलं, फिट आली, तेव्हा दवाखान्यात आणली. मणक्यातलं पाणी काढून तपासलं. तिचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटली होती. हा आजार वैद्यकशास्त्राला नीट कळला तोच २००७ साली. ना भूत, ना वेड. उपचारांनी ती बरी झाली, पण मधले दिवस महागात पडले. म्हणून सांगते, तरुण माणूस दिवसांत बदलला, सोबत ताप, फिट, विचित्र हालचाली असल्या, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

हलशीचा वाटसरू
आमच्या गल्लीत भांडण झालं की ‘हुच्च्या (कन्नडमध्ये वेड्या), तुला धारवाडला पाठवायला पाहिजे’ म्हणतात. लहानपणापासून ऐकत आलोय. गेल्या वर्षी मीच बहिणीला घेऊन धारवाडच्या त्या मानसिक आरोग्य संस्थेत गेलो. खानापूरवरून रेल्वेनं, लोंढा-अळणावर मार्गे. मनात इतकी भीती की डबा उघडला नाही. तिथे गेल्यावर पाहिलं, ओपीडीत आपल्यासारखीच माणसं, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात दुधाची किटली. आधी एका शिकाऊ डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं, मग मोठ्या डॉक्टरांनी परत विचारलं, मग मानसशास्त्रज्ञांनी चाचण्या घेतल्या. तेच तेच तीनदा सांगून बहीण कंटाळली. पण तिसऱ्या वेळी तिनं जे सांगितलं ते पहिल्या दोन वेळी सांगितलं नव्हतं. ताई, चौथ्याकडे जायचं असेल तर असं जा, जिथे दोन-तीन जण मिळून पाहतात.

टिळकवाडीकर
फाइलीबद्दल एक माहिती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये रुग्णाला आपल्या उपचारांची नोंद मिळण्याचा हक्क दिलेला आहे. चिठ्ठी जळाली असली तरी पहिल्या दवाखान्यात जाऊन नम्रपणे मागा. आणि रात्री-अपरात्री बोलायची वेळ आली तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, भाषा निवडता येते.

मलप्रभाकाठ
तीन आठवड्यांनी परत लिहितेय. उशीर झाला, पण सगळं सांगण्यासारखं आता झालंय.

@रात्रपाळी ताई, तुमचा प्रश्न मी रात्री आईला विचारला. आई म्हणाली, छे, काही नव्हतं. मग वहिनी चुलीपुढून हळूच म्हणाली, शिमग्याआधीच्या गणपतीत? तेव्हा त्यानं मंडळाची आरास एकट्यानं केली होती. नऊ दिवस रोज दोन तास झोपून. मंडळाला न विचारता ढोल-ताशांचा सेट उधारीवर आणला होता, ते पैसे बाबांनी सोयाबीन विकून फेडले. आम्ही सगळे तेव्हा म्हणत होतो, पोरात काय उमेद आहे.

मी दोनशेपानी वही आणली आणि महिन्यांप्रमाणे लिहायला घेतलं. तारखा आठवेनात, मग सण आणि शेताची कामं धरून लिहिलं. गणपती, दिवाळी, सुगी, शिमगा, रोप लावणी. पहिल्या डॉक्टरांकडून नोंदीची प्रतही मिळाली. त्यांनी शोधून दिली आणि आता कसा आहे म्हणून चौकशीही केली. बाबा खाली मान घालून उभे होते.

वही घेऊन परत तिसऱ्या डॉक्टरांकडेच गेलो. चौथा केला नाही. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. मग म्हणाले, एक गाठ अजून सुटत नाही. आवाज फक्त झोप उडालेल्या दिवसांत येत होते, की मन ठिकाणावर असतानाही? नुसते उसळीच्या दिवसांत आले असतील तर बायपोलर म्हणता येईल. मूड समेवर असताना दोन आठवडे किंवा जास्त आले असतील तर माझं लिहिलेलं बरोबर.

आम्ही एका तोंडानं म्हणालो, फक्त यंदाच्या पावसाळ्यात. त्याआधी कधीच नाही. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवलं. आत मराठी बोलणाऱ्या एका सिस्टरना बोलावलं आणि भावाला एकट्याला विचारलं.

चाळीस मिनिटांनी बोलावलं. भाऊ म्हणाला, अक्का, गेल्या सुगीतपण येत होता. मी म्हटलं, अरे तेव्हा तर तू चांगला होतास, जेवत होतास, झोपत होतास, माझ्याबरोबर भात झोडलंस! तो म्हणाला, ‘झोडत होतोच की. मी पेंढ्या मोजायचो आणि तो पण मोजायचा. माझ्या एकोणचाळीस झाल्या की त्याच्या चाळीस. रोज एक पेंढी पुढं.’ मळणी संपेपर्यंत, वीस-बावीस दिवस. आईनं नुकतंच हसायला सुरुवात केली होती, म्हणून बोललो नाही म्हणाला.

मी शेजारी उभी राहून झोडत होते हो. माझ्या हातातली पेंढी आणि त्याच्या हातातली पेंढी यात दोन हातांचं अंतर होतं.

शहापूरची सून
अक्का, स्वतःला दोष देऊ नकोस. दिसण्यासारखं नव्हतंच ते.

गुळाचा खडा
हे वाचून मी काकूला फोन केला. काकांना त्या आठ वर्षांत कधी एकट्याला बसवून विचारलं होतं का, म्हणून. ती म्हणाली, नाही, मीच सांगायची सगळं. उद्या जुन्या फाइली काढतोय.

रात्रपाळी
ताई, डॉक्टरांनी पुढे काय सांगितलं?

मलप्रभाकाठ
स्किझोअफेक्टिव्हच ठेवलंय, पण त्यापुढे ‘पुनर्विचार’ असं लिहून तीन महिन्यांनंतरची तारीख घातली. म्हणाले, आयसीडी हा आजार जरा वेगळ्या पद्धतीनं मोजतं, त्यामुळे दुसरीकडे गेलात आणि दुसरं नाव ऐकलंत तर घाबरू नका, वही दाखवा. मूड समेवर ठेवायला लिथियमची गोळी सुरू केलीय, भासांची गोळी आधीचीच. पुढच्या सोमवारी रक्तातलं लिथियम, किडनी आणि थायरॉइड तपासायला बोलावलंय. आणि वहीतली उजवी पानं भावानं मागून घेतलीत. डाव्या बाजूला आम्ही लिहितो, उजवीकडे तो. काल त्यानं लिहिलं, ‘झोप साडेसहा तास. आवाज एकदा, पाणी भरताना.’

रात्रपाळी
रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. रात्री नऊला घेतली तर सकाळी नऊला. सकाळची गोळी असेल तर रक्त दिल्यावरच द्या. आणि उलटी-जुलाब झाले, हात जास्त थरथरायला लागले, तोल जायला लागला, तर सोमवारची वाट न बघता फोन करा.

मलप्रभाकाठ
मग सातच्या एसटीनं निघतो आम्ही. सकाळची गोळी त्याच्या खिशात, पाण्याची बाटली माझ्याकडे.